एरिसाने लावलेलं टायमिंग

मित्रांनो, मी आकाराने मुठीएवढा, वयाने जुना आणि सध्या बिनकामाचा असा एक डिस्ट्रिब्युटर आहे. माझं नाव अवघड आहे, पण काम सोपं होतं. जुन्या मोटारीच्या इंजिनात चार नळकांडी असतात. त्यांत पेट्रोलची वाफ दाबली जाते आणि नेमक्या त्या वेळी तिथे ठिणगी पडावी लागते. ती ठिणगी चौघांना पाळीपाळीने वाटून देणारा मी. तुम्ही धाकट्या बहिणीला झोका दिला असेल. झोपाळा मागे येऊन क्षणभर थांबतो, धक्का तेव्हाच द्यायचा. आधी दिला तर आपलाच हात दुखावतो, उशिरा दिला तर जोर वाया जातो. माझी चाल इंजिनाच्या चालीशी अशी जुळवून घ्यावी लागते. त्याला टायमिंग लावणं म्हणतात. ते नीट असेपर्यंत मला कोणी विचारत नाही. बिघडलं की गाडीचा मालक कपाळाला हात लावून बसतो.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. निळसर रंगाच्या एका कॉर्टिना गाडीच्या पोटात बसून मी जहाजाने मोंबासाला उतरलो आणि तिथून युगांडात आलो. आमचा मालक एरिसा वालुसिंबी. किबोना गावात भाड्याची गाडी त्याची एकट्याची. बुद्दू भागातल्या तांबड्या रस्त्यांवर आम्ही नवऱ्या मुली पोचवल्या, कॉफीची पोती वाहिली, मटोकेचे, म्हणजे शिजवून खायच्या हिरव्या केळ्यांचे, घड टपावर बांधून बाजार गाठले. एकदा तर एका म्हातारबाबांनी मांडीवर बोकड घेऊन सगळा रस्ता त्याच्याशी गप्पा मारल्या.

मला सांभाळायचा लामेक मिस्त्री. नाक्यावर पत्र्याच्या छपराखाली त्याचं काम चाले. माणूस पोटाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा आणि स्वतःच्या कामाचं कौतुक स्वतःच करणारा. स्क्रू-ड्रायव्हरचं एक टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून तो ऐकत राही. मग माझी टोपी उघडी, एक थेंब तेल सोडी आणि म्हणे, "ऐका रे! ही गाडी नाही, चर्चमधली गाणारी बाई आहे. आणि तिला गायला शिकवलं कोणी? मी!" ते ऐकून मला बरं वाटे. लामेक आणि एरिसा एकाच वर्षी जन्मलेले, एकाच झाडावरचे फणस चोरून वाढलेले. त्यांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

त्यांचं भांडण माझ्यावरून झालं. शहरात एकदा गाडी बंद पडली. आत उतारू होते, म्हणून एरिसाने तिथल्याच एका गॅरेजात ती दुरुस्त करून घेतली. त्या लोकांनी मलाही हलवलं. परतताना नाक्यावरून गेलो, तर इंजिनाचा बदललेला आवाज ऐकून लामेक हातातला पाना टाकून रस्त्यात आडवा उभा राहिला.

"थांब! हिला कोणी हात लावला?"

"बंद पडली होती शहरात," एरिसा म्हणाला. "मग काय, डोक्यावर घेऊन तुझ्याकडे येऊ?"

"यायचं! बैल लावून ओढत आणायची!"

"ए बाबा, गाडी माझी आहे. तू काय तिचा नवरा लागतोस?"

दुकानाच्या ओट्यावरची माणसं खो खो हसली. लामेकला ते हसणं लागलं. त्याच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. "आजपासून तुझी गाडी मला मेली," तो म्हणाला. "आणि तूही."

त्या दिवसापासून दोघे बोलेनासे झाले. त्यांच्या बायका, मेराबू आणि केझिया, पाण्यावर भेटत, रडत, हसत. पण हे दोघे चर्चमध्येसुद्धा दोन टोकांना बसत. माझ्या टोपीखाली कोणी तेल सोडेना. माझे पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे दोन ठिपके, काजळी धरू लागले. मी कसाबसा ठिणग्या वाटत राहिलो.

मग लढाई आली. दक्षिणेकडून तोफांचा आवाज यायचा आणि हरलेले सैनिक रस्त्याने उत्तरेला पळायचे. दिसेल ती गाडी ते घेऊन जात. शेजारच्या गावातला एकजण आपली पिकअप द्यायला नाही म्हणाला, तर त्याला पिकअपपाशीच पुरावं लागलं.

एरिसाने ठरवलं, गाडी चालूच होऊ द्यायची नाही. त्याने बॉनेट उघडलं.

मेराबू दारातून म्हणाली, "काढायचं ते काढा, पण आधी लामेकला विचारून तरी घ्या. पुन्हा बसवायचं कसं ते?"

"त्याला विचारू? त्यापेक्षा मी सैनिकांना विचारीन."

मित्रांनो, मला काढण्याआधी माझ्या मानेवर आणि इंजिनावर खडूची एक रेघ ओढायची असते. आत फिरून ठिणगी वाटणारा रोटर कुठे तोंड करून आहे, ते पाहून ठेवायचं असतं. लामेकने हे न विचारताही सांगितलं असतं. एरिसाने वायरी मुठीत धरून उपटल्या, बोल्ट सोडला आणि मला मुळा उपटावा तसा वर काढला. केळीच्या सोपटात गुंडाळून त्याने मला स्वयंपाकाच्या झोपडीच्या छपरात, चुलीच्या वर खोचून ठेवलं. तिथे धूर खात मी पडून राहिलो.

सैनिक आले. त्यांनी गाडी चालू करायचा खूप खटाटोप केला. गिअरमध्ये टाकून अंगणभर ढकलली, मागे ओढली, पुन्हा ढकलली. शेवटी चिडून एक दिवा फोडला आणि निघून गेले. एरिसा त्या संध्याकाळी मटोके पोटभर जेवला. त्याला वाटलं, आपण जिंकलो. पण त्या ढकलाढकलीत इंजिन आतून फिरलं होतं. आता कोणतं नळकांडं कुठे आहे, हे सांगायला कोणतीच खूण उरली नव्हती.

असे काही आठवडे गेले. एके दिवशी सकाळी चार शेजारी एक खाट उचलून एरिसाच्या अंगणात आले. खाटेवर लामेक होता. मागून केझिया धावत होती, तिच्या डोक्यावरचं फडकं कुठेतरी गळून पडलं होतं.

लामेकला वर्षानुवर्षं हर्निया होता. जांघेत आतडं उतरायचं, तो हाताने दाबून आत ढकलायचा आणि कामाला लागायचा. दुसऱ्याच्या गाडीचा गंज त्याला सहन होत नसे, पण स्वतःचं दुखणं तो हसण्यावारी नेई. आदल्या दिवसापासून ते आतडं आत जाईना. गाठ दगडासारखी झाली होती. त्याला हिरवट उलट्या होत होत्या.

"दवाखान्यातली नर्स म्हणाली, आज पोट फाडलं तर वाचेल," केझिया म्हणाली. "उद्या नाही. मिशनच्या इस्पितळात न्या म्हणाली. एरिसा, माझ्याकडे बघा. त्यांच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा."

एरिसाने खाटेकडेच पाहिलं. लामेकचा चेहरा राखेसारखा झाला होता. शेजाऱ्यांनी खाट फणसाच्या सावलीत ठेवली. रस्त्यावर सैनिक होते. शेजाऱ्यांनाही घरी बायकापोरं होती. ते मान खाली घालून निघून गेले. अंगणात चौघंच उरली.

"गाडी रस्त्यावर काढली, तर ती जाणार," एरिसा पुटपुटला.

"हो, जाणार," मेराबू म्हणाली. तिने चुलीवरचं छप्पर उचकलं आणि मला आणून नवऱ्याच्या हातात ठेवलं.

एरिसाने बॉनेट उघडलं. त्याने मला इंजिनाच्या भोकावर धरलं आणि तो तसाच उभा राहिला. कुठे तोंड करून बसवायचं, त्याला काहीच कळेना. त्याने मला नुसतंच आत ढकललं.

"गाढवा." खाटेवरून आवाज आला. आवाज बारीक होता, पण लामेकचाच होता. "काढ तो बाहेर. खूण केली होतीस?"

"नाही."

"नाहीच करणार. माझ्या बापाची शपथ, मी मेलो तर तुझ्या मूर्खपणाने मरेन, पोटाने नाही." मग कळ आली आणि तो गुरासारखा ओरडला. कळ ओसरली तसा पुन्हा बोलू लागला. "प्लग काढ. चारही. पहिल्याच्या भोकावर अंगठा दाब. दुसऱ्या हाताने पट्टा धरून पंखा फिरव. ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला, उलटा नको."

एरिसा तसं करू लागला. मी मडगार्डवर पडून पाहत होतो. पंखा फिरे, थांबे.

"काय वाटतं?"

"काही नाही."

"फिरवत राहा."

"ओढल्यासारखं होतंय."

"ती श्वास आत घेतेय. पुढे."

"लामेक! अंगठा उडाला! फुस्सकन उडाला!"

"हां. आता ठिणगी मागतेय ती. हळू. पुलीवरची खाच इंजिनावरच्या कारखान्याच्या खुणेला आण. पुढे नको, थोडं अलीकडे." त्याने डोळे मिटले. केझिया त्याचे ओठ ओल्या फडक्याने पुसत होती. "आता डिस्ट्रिब्युटर घे. रोटर पहिल्या वायरीकडे. पण सरळ बसवू नकोस. खाली दाते तिरके आहेत, बसताना तो वळतो. म्हणून थोडा मागे धर."

पहिल्यांदा मी एक दाता पुढे बसलो. एरिसाने मला काढलं. दुसऱ्यांदा एक दाता मागे. एरिसा रडायला लागला. एवढा थोराड माणूस, नाक ओढत, माझ्या अंगावर आसवं गाळत होता.

"रडून दाते जुळत नाहीत," लामेक म्हणाला. "घे पुन्हा."

तिसऱ्यांदा मी हळूच वळत खाली गेलो आणि खाली बसल्याचा माझाच आवाज मला ऐकू आला. रोटर अगदी जागेवर होता. मित्रांनो, इतके दिवस धूर खाल्ल्यावर पायाखाली पुन्हा इंजिन लागलं तेव्हा मला काय वाटलं, ते सांगता येत नाही.

मग, लामेकने सांगितल्याप्रमाणे, दिव्याची पाळी. एरिसाने फुटक्या दिव्याशेजारचा छोटा बल्ब काढला. एक वायर माझ्या कडेला, एक गाडीच्या पत्र्याला लावली. मला हळूहळू फिरवायचं आणि बल्ब जिथे पेटेल तिथे घट्ट करायचं. तिथेच माझे पॉइंट उघडतात, तिथेच ठिणगी पडते. पण गाडी उभी राहून राहून बॅटरी मरायला टेकली होती. बल्ब नुसता तांबूस दिसे, पुन्हा विझे. एरिसाने डोळे ताणले.

"पेटला का हा? लामेक, हा पेटला म्हणायचा का?"

एरिसा खाटेकडे वळला.

"लामेक!"

केझियाने नवऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्याचे डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांत तो नव्हता. श्वास चालू होता, तोही तुटक. केझियाने जो टाहो फोडला, तो ऐकून फणसावरचे पक्षी उडाले.

"रडू नकोस, अजून आहे तो!" मेराबू तिच्यावर खेकसली आणि स्वतःच रडू लागली.

एरिसाने अंदाजाने मला घट्ट केलं. प्लग बसवले, वायरी लावल्या. अंगणाला रस्त्याकडे उतार होता आणि रस्ता पुढे दलदलीपर्यंत उतरत गेला होता. दोघी बायकांनी लामेकला मागच्या सीटवर निजवलं आणि गाडीला पाठ लावली. गाडी सुटली. एरिसाने क्लच सोडला.

धडाम! कार्बुरेटरमधून जाळ निघाला. गाडीने आचका दिला आणि ती कुंपणाशी अडकून थांबली.

मी ठिणग्या दिल्या होत्या, पण त्या भलत्याच दारी गेल्या होत्या. एरिसाने वायरी एक, दोन, तीन, चार अशा ओळीने लावल्या होत्या. नळकांडी तशी ओळीने पेटत नाहीत. त्यांचा आपला वेगळाच क्रम असतो. तो क्रम एरिसाला आठवेना. त्याने बॉनेटवर डोकं आपटून घेतलं. "कसा गं तो क्रम! एवढी वर्षं गाडी चालवली, कसा तो!"

"कसला क्रम?" केझियाने विचारलं.

"वायरींचा. कोणानंतर कोण पेटतं त्याचा."

केझियाने डोळे पुसले. मग हुंदके देत म्हणाली, "एक, दोन, चार, तीन."

"काय?"

"हे पुटपुटायचे काम करताना. झोपेतसुद्धा. एक, दोन, चार, तीन. लग्न झाल्यापासून सांगतेय, अहो, दोनानंतर तीन येतात, एवढं तरी शिका. तर माझ्यावरच ओरडायचे."

एरिसाने तिच्याकडे देवाकडे पाहावं तसं पाहिलं. त्याने रोटर कुठल्या बाजूने फिरतो ते आठवलं आणि त्या बाजूने वायरी लावत गेला. एक. दोन. चार. तीन.

आता उरला होता फक्त रस्त्याचा उतार. तोही वाया गेला, तर गाडी दलदलीच्या काठाशी उभी राहिली असती आणि दोन बायकांना ती वर ढकलता आली नसती. मेराबू म्हणाली, "येशूचं नाव घ्या आणि सोडा." दोघींनी जोर लावला. मेराबूचे पाय तांबड्या मातीत घसरत होते. गाडी वेग घेऊ लागली, दलदलीतले लव्हाळे जवळ येऊ लागले. एरिसाने क्लच सोडला.

मी पहिली ठिणगी टाकली. ती लागली. दुसरी लागली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि धडधडू लागलं. ते गाणं नव्हतं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज येत होता, कारण मी जरा लवकरच ठिणग्या देत होतो. एरिसा उतरला, माझा बोल्ट सैल केला आणि चालत्या इंजिनात मला हाताने धरून फिरवू लागला. माझ्या तुटक्या वायरीतून त्याला सणसणीत झटका बसला. त्याने हात काढला नाही. एक डोळा मिटून, मान तिरकी करून तो ऐकत राहिला. खडे कमी झाले. त्याने बोल्ट आवळला.

मेराबू अंगणापाशीच राहिली. केझिया मागे नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

चढावर मी तापलो, इंजिन धापा टाकू लागलं, पण थांबलो नाही. नाक्यापलीकडे रस्त्यावर झाडाचा ओंडका आडवा टाकलेला होता. सैनिक उभे होते. एकाने काचेवर बंदुकीची नळी टेकवली.

"उतर. किल्ली दे."

"साहेब, माणूस मरतोय मागे," एरिसा म्हणाला. "इस्पितळापर्यंत जाऊ द्या. मग गाडी तुमची. मी स्वतः किल्ली देतो."

"आणि मी मूर्ख आहे, असं कोणी सांगितलं तुला?"

"मग तुम्हीच चला ना सोबत! बसा पुढे!"

सैनिकाने मागे पाहिलं. लामेकने पुन्हा हिरवं ओकलं होतं आणि केझिया ते आपल्या लुगड्याने पुसत होती. सैनिक स्वतःही थकलेला होता, एका पायाला चिंधी बांधलेली. तो शिवी देत पुढच्या सीटवर बसला आणि बंदूक गुडघ्यांत धरली. "चल. आणि हळू चालवलंस तर बघ."

इस्पितळाच्या दारात लामेकला उतरवलं. पांढऱ्या कपड्यांतल्या दोघांनी त्याला आत नेलं. केझिया मागे धावली. एरिसाने किल्ली सैनिकाच्या हातात ठेवली. तो निघणार, इतक्यात एरिसाने दार धरलं.

"चढावर दुसऱ्या गिअरला टाक," तो म्हणाला. "तिसऱ्यात ती कण्हते. आणि पाणी बघत जा."

सैनिकाने त्याच्याकडे नवलाने पाहिलं आणि गाडी हाकली. एरिसा मोकळे हात घेऊन फाटकात उभा होता. तो लहान होत होत दिसेनासा झाला.

पुढची कहाणी थोडक्यात सांगतो. सैनिकांनी पाणी पाहिलं नाही, तेलही पाहिलं नाही. उत्तरेकडे एका दलदलीच्या पुलाशी इंजिन जाम झालं. त्यांनी आम्हाला खाली लोटलं आणि ते पायी निघून गेले. गावकऱ्यांनी चाकं नेली, सीट नेल्या, काचा नेल्या. बॉनेट उघडं पडलं. पाऊस माझ्या टोपीत शिरला. माझे पॉइंट गंजून एकमेकांना चिकटले. एका बेडकाने बॅटरीच्या रिकाम्या जागेत संसार थाटला. लामेक वाचला की नाही, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी तो विचार करत गंजत राहिलो.

लढाई संपली. बऱ्याच काळाने एका दुपारी लव्हाळ्यांतून दोन माणसं भांडत येताना ऐकू आली.

"म्हटलं होतं ना, पुलाच्या या बाजूला. पण तू ऐकशील तर ना!"

"तुझ्या त्या पोटापायी गेली माझी गाडी, आणि वर मलाच बोलतोस?"

"मी म्हटलं होतं का, मला उचल म्हणून?"

लामेक अर्धा झाला होता. पोट गेलं होतं, हातात काठी होती. पण आवाज परत आला होता. गावोगाव विचारत ते दोघे आमच्यापर्यंत पोचले होते. एरिसाने गाडीचा सांगाडा पाहिला आणि तो तोंड फिरवून उभा राहिला. लामेक वाकला. त्याने माझ्यावरचा चिखल बोटाने काढला. माझा बोल्ट एरिसाने आवळला तसाच होता. पुढे कोणी त्याला हात लावला नव्हता. लामेकने पुली हाताने हलवून पाहिली, ती हलली नाही. मग त्याने माझी मान कुठे वळली आहे, ते डोळे बारीक करून निरखलं.

"हे तू लावलंस?"

"हो."

"इतकं वाईट टायमिंग मी जन्मात पाहिलं नाही. ठिणगी इतकी लवकर? हिने पिस्टन कसे फोडले नाहीत?"

लामेक पाहतच राहिला. मग काठी बाजूला ठेवून तो तिथेच चिखलात बसला.

"यावर मी इस्पितळात पोचलो," तो म्हणाला. बराच वेळ त्याने माझ्यावरचा हात काढला नाही.

गाडीतलं नेण्याजोगं असं मीच तेवढा उरलो होतो. आता मी लामेकच्या छपराखाली एका फळीवर, तेलकट फडक्यात असतो. तशा गाड्या आता येत नाहीत. नव्या गाड्यांना माझी गरज नसते. एरिसा सायकलवरून येतो, दोघे शेंगदाणे सोलत बसतात आणि एकमेकांना मूर्ख म्हणतात. मला कोणी काही विचारत नाही.

म्हणून मीच तुम्हाला सांगतो. मित्रांनो, कुठलंही यंत्र उघडलंत, तर आधी खूण करा. काम नीट चालत असलं, तरी अधूनमधून तेलाचा थेंब द्या. आणि ते यंत्र ज्याला कळतं, त्याच्याशी तुमचा अबोला असेल, तर आजच उठा आणि त्याच्या दारात जाऊन हाक मारा. तो धडधाकट आहे, तोवर मारा.